पाणी ओसरल्यानंतरच्या महिन्याचं काय? सांगलीच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सांगली
आणि प्राधिकरणाचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मान्सूनपूर्व आढाव्याचे दिवस आहेत. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, कुठल्या शाळेत किती कुटुंबं मावतात, जनावरं कुठं बांधायची, याचे तक्ते आता पक्के होतील आणि ते व्हायलाच हवेत. त्या तक्त्यांत एका रकान्याची भर घाला, एवढ्यासाठी हे पत्र. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीखाली आणि मग ४० फुटांच्या इशारा पातळीखाली गेलं की यंत्रणा जरा मोकळी होते. माणसाच्या मेंदूचं काम त्यानंतर सुरू होतं. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर १६ वर्षांत पाहिलेल्या जिल्ह्याच्या आराखड्यात त्यालाही जागा हवी.

पुरानंतरच्या पहिल्या ४ आठवड्यांत काय करायचं, काय हातून होऊ द्यायचं नाही आणि पाचव्या आठवड्यात कुणी कुणाच्या दारात जायचं, हे पदनामासह आणि तारखेसह लिहून ठेवा, एवढंच आमचं मागणं आहे. 'पूरग्रस्तांचे समुपदेशन करण्यात यावे' या एका ओळीत ते बसत नाही. का बसत नाही, हे सांगायला थोडं मेंदूत शिरावं लागेल.

दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखणं हे त्याचं काम. तो खोलात जात नाही. आधी पाहिलेल्या धोक्याशी थोडंसं साम्य दिसलं तरी बोंब ठोकतो. मग छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातापायांचे स्नायू ताठतात. आधी अ‍ॅड्रिनलिन, मागोमाग कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. त्याच्या शेजारचा हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला तलाठीच म्हणा: काय झालं, कुठं, कधी, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, याची नोंद तो घालतो. आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कासरा धरून बसलेला असतो. 'हा नुसता पाऊस आहे, पूर नव्हे' असं अमिग्डालाला बजावणं त्याच्याकडं.

मध्यरात्री छातीएवढ्या पाण्यातून म्हातारी माणसं आणि पोरं बाहेर काढताना कासरा हातातून सुटतो आणि तलाठ्याचं दप्तर भिजतं. अमिग्डाला मात्र त्या रात्री जोरात असतो. त्यामुळं वास, आवाज, अंगात शिरलेला गारठा हे सगळं खोल कोरलं जातं, पण त्यावर तारीख पडत नाही. अशी बिनतारखेची आठवण 'झालं होतं' म्हणून येत नाही, 'आत्ता होतंय' म्हणून येते. गाळाचा कुबट वास, ओली गोधडी, पत्र्यावरचा पाऊस, बोटीच्या इंजिनाची घरघर, यातलं एखादं पुरतं. वळवाच्या पहिल्याच सरीला एखादी बाई धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागते ती यामुळं. 'इतकी वर्षं झाली, अजून काय तेच' असं घरचे म्हणतात. पण ज्या भागाला हे सांगायचं त्याच्याकडं कॅलेंडर नसतं.

म्हणून तिचा मेंदू बिघडला असं कुणी म्हणू नये. आघातोत्तर ताणविकार, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला पीटीएसडी, जुना झालेल्या माणसांत हिप्पोकॅम्पस सरासरीनं लहान आढळतो हे खरं. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिएतनाम युद्धात लढलेले अमेरिकी सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे जुळे भाऊ यांची तुलना झाली, तेव्हा ज्या सैनिकांचा आजार तीव्र होता त्यांच्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे यातलं बरंचसं आधीपासूनचंही असू शकतं. आणि मेंदू शिकू शकतो म्हणूनच तर उपचार लागू पडतात.

आता नियोजनाच्या कामाची गोष्ट. झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढं येणं हे पहिल्या आठवड्यांत पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं उपचाराविना ओसरतं. म्हणूनच पीटीएसडीचं निदान एक महिना उलटल्याशिवाय करत नाहीत. पहिल्या महिन्यात उपचाराची घाई नको, आपोआप बरं होण्याच्या वाटेतले दगड काढायचे. ते दगड बऱ्याचदा मदत करणारेच नकळत टाकतात.

पहिला दगड सामूहिक समुपदेशनाचा. निवारा केंद्रात शे-दीडशे माणसांना एकत्र बसवायचं, 'मन मोकळं करा, काय काय झालं ते सांगा' म्हणायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी गाडीत बसून निघून जायचं. अशा एका बैठकीतल्या कथनानं पीटीएसडी टळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची नाइस ही संस्था, दोघीही ते करू नका असंच सांगतात. सांगावंसं वाटलं त्याचं शांतपणे ऐकावं. गप्प बसलेल्याला खणू नये.

दुसरा दगड झोपेच्या गोळ्यांचा. केंद्रात रडारड झाली की अल्प्राझोलामसारख्या गोळ्या सहज हातावर ठेवल्या जातात. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या गटातली औषधं ताणासाठी किंवा झोपेसाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. त्यांची सवय लागते आणि भीती ओसरताना मेंदूनं जे शिकायचं त्यातही त्या आड येऊ शकतात. जे आधीपासून या गोळ्या घेतात त्यांच्या मात्र एकदम तोडू नयेत, तोडल्या तर झटके येऊ शकतात. औषधपेटीच्या यादीवर ही सूचना छापूनच द्या.

तिसरा दगड आमच्या मते सगळ्यात जड आहे: पंचनामा. तो टाळता येत नाही, मान्य. पण तलाठी विचारतो, मग ग्रामसेवक, विमावाला, संस्थेचे कार्यकर्ते, पुढारी, चॅनेलवाले. प्रत्येक जण तेच विचारतो: पाणी कधी शिरलं, काय काय गेलं, कोण गेलं. उपचारातही घटना पुन्हा पुन्हा सांगायची असते, मग यात वाईट काय, असं कुणी विचारेल. उपचारात माणूस ती शेवटापर्यंत सांगतो, आपल्या वेगानं, भीती चढून पुन्हा खाली येईपर्यंत. पंचनाम्यात नेमकं भीतीच्या शिखरावर 'बरं, गट नंबर सांगा' म्हणून वाक्य तुटतं. दिवसाला चारदा असं झालं की आठवण शमायची सोडून चाळवत राहते. यावर तोडगा साधा आहे. नुकसानीची हकीकत एकदाच नोंदवा, तिची सही-शिक्क्याची प्रत कुटुंबाच्या हातात द्या आणि पुढच्या प्रत्येक खात्यानं आधी ती प्रत वाचावी असा आदेश काढा. खर्च झेरॉक्सचा.

केंद्रात काय असावं? मानसिक प्रथमोपचाराची तीन पावलं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे कोण एकटं बसलंय, कोण जेवत नाही, कुणाचं औषध पाण्यात गेलं. जोडून द्या म्हणजे हरवलेल्या माणसाशी, डॉक्टरशी, रेशन कार्डाच्या टेबलाशी. 'बरं झालं, जीव तरी वाचला' हे वाक्य स्वयंसेवकांना आधीच बंद करा. ज्याचं माणूस गेलं त्याला ते चाबकासारखं लागतं. कुटुंबं एका खोलीत ठेवा, वर्गाच्या हजेरीपटासारखी वाटू नका. बायकांच्या संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा. पुराच्या बातम्यांचा टीव्ही व्हरांड्यात अखंड चालू नको. आणि धडधाकट माणसांना काम द्या: स्वयंपाक, नोंदी, पाण्याचं वाटप. हातात काहीच उरलं नाही या भावनेवर असलं छोटं काम चांगलं लागू पडतं.

घाबरलेल्या माणसाला 'मोठा श्वास घ्या' असं सगळेच सांगतात, तिथंही गफलत होते. तो भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि त्याला वाटतं आता आपण जातोय. त्यापेक्षा उच्छ्वास लांबवायला सांगा: नाकानं ४ मोजेपर्यंत आत, मग ६ मोजेपर्यंत सावकाश बाहेर, असं ५ मिनिटं. सोबत पाय जमिनीला टेकवून दिसणाऱ्या ५ वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायला लावा.

अफवांबद्दल थोडं लांबण लावावी लागेल, कारण सांगलीकराची झोप त्यांच्यावरच उडते. कोयनेतून किती क्युसेक, अलमट्टीत पाणी किती, पुलाला किती फूट, हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर रात्रभर फिरतात. अमिग्डालाला अनिश्चितता सगळ्यात जास्त छळते. नक्की कळलेला वाईट आकडाही पुष्कळांना त्या मानानं सोसवतो. म्हणून ठरलेल्या वेळीच बुलेटिन द्या, समजा सकाळी ६, दुपारी १, रात्री ९. आणि आकड्यासोबत त्याचा अर्थ द्या. 'पातळी ३८ फूट' एवढ्यावर थांबू नका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथं आता काय करायचं आणि पुढचं बुलेटिन येईपर्यंत कुणाला निर्धास्त झोपता येईल, हेही सांगा. 'आज रात्री गावभागानं झोपायला हरकत नाही' असं अधिकृत वाक्य आलं तर शेकडो माणसं झोपतील. त्या झोपेत मेंदू दिवसाची आठवण जागेवर लावायचं काम करत असतो. दारू पिऊन आलेल्या झोपेत ते नीट होत नाही. स्वप्नांची झोप आधी दबते आणि नंतर उसळून येते.

महिना उलटला की दुसरं काम सुरू. आपल्याकडं माणूस 'मला भीती वाटते' म्हणत प्राथमिक आरोग्य केंद्रात येत नाही. छातीत धडधडतंय, डोकं जड आहे, पोटात गोळा येतो, हातपाय गळाले, एक सलाईन लावा डॉक्टर, असं म्हणत येतो. अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन परत जातो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. त्यामुळं वाट बघत बसण्यापेक्षा आशाताईंनी घरोघर पाच प्रश्न विचारावेत. हे प्रश्न अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठी तयार झालेल्या एका छोट्या चाचणीवरून घेतले आहेत. आपल्या बोलीत ते असे होतील. गेल्या महिन्यात पुराची वाईट स्वप्नं पडली का, किंवा नको असताना तेच डोक्यात आलं का? ते आठवू नये म्हणून एखादी जागा, वाट, माणसं टाळावी लागली का? सतत सावध, जरा काही झालं की दचकायला होतं का? माणसांपासून, कामापासून मन तुटल्यासारखं, बधिर वाटलं का? जे झालं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबत नाही का? तीन किंवा जास्त 'हो' आले तर पुढं पाठवायचं. हे निदान नव्हे, चाळणी आहे. यात 'जगू नये असं वाटतं का' हा सहावा प्रश्न आम्ही मुद्दाम जोडायला सांगू. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो आशाताईंच्या वहीच्या मलपृष्ठावर असू द्या.

पुढं पाठवायचं म्हणजे कुठं? 'मानसोपचार' म्हटलं की 'येरवड्याला नेताय का?' असा प्रश्न अजून येतो. त्यासाठी उपचार नेमका काय असतो हे सांगायला हवं. आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचाराच्या साधारण ८ ते १२ बैठका असतात, आठवड्याला एक, तास-दीड तासाची. सुरुवातीला मेंदूचं वरचं गणित समजावून सांगतात. मग माणूस डोळे मिटून ती रात्र वर्तमानकाळात, मोठ्यानं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगतो. मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित होतं आणि तो घरी रोज ऐकतो. पहिल्या वेळी हकीकत तुकड्यातुकड्यांत येते. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत तिला क्रम येऊ लागतो. तलाठ्याचं भिजलेलं दप्तर वाळवून पुन्हा लिहिण्याचं हे काम. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर ही पद्धतही याच तोडीची मानली जाते, पण दोन्हींना शिकलेला माणूस लागतो. गरज पडली तर सर्ट्रालिनसारखं औषध जोडतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे रुग्णाला आधी न सांगितल्यामुळं बरेच जण पंधरवड्यात सोडून देतात.

बैठकांबाहेर एक शिडी चढायची असते. कृष्णेचा फोटो बघणं, पावसाचा आवाज ऐकणं, दिवसा कुणाला तरी सोबत घेऊन आयर्विन पुलावर उभं राहणं, मग एकट्यानं, मग घाटाच्या पायऱ्या, शेवटी पावसाळी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणं. प्रत्येक पायरीला भीतीला ० ते १०० गुण द्यायचे आणि ती बरीच उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. बिघडतं ते इथंच. भीती ८० वर असताना माणूस निघून आला तर मेंदू शिकतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त. चढलेल्या नदीकाठी जाणं मात्र या शिडीत कधीच येत नाही. पूररेषेत राहणाऱ्याची सावधगिरी काढून टाकायची नाही. कागदपत्रांची पिशवी एकदा भरून दाराशी ठेवली की पुरे, ती रात्रीतून वीसदा तपासायला लागू नये.

आणखी एक बाब नियोजनाच्या दृष्टीनं मोलाची. भीतीची आठवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते आणि ती नवी शिकवण जिथं, ज्या हवेत मिळाली तिथंच जास्त पक्की असते. म्हणून हिवाळ्यात पंख्याखाली बरा झालेला माणूस जुलैत पुन्हा हादरतो. त्याला 'उपचार वाया गेला' म्हणू नका. पुढच्या जून-जुलैत दोन उजळणीच्या बैठका आधीच ठरवून ठेवा.

अपराधी भावना तर वेगळंच प्रकरण आहे. म्हशीचं दावं सोडलं नाही, म्हाताऱ्याला आधी पाठवलं नाही, त्या होडीत मीच बसवलं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटून माणसं बुडाली, त्यानंतर हे शेवटचं वाक्य जिल्ह्याला समजावून सांगायला नको. 'तुमची चूक नाही हो' म्हणून ते सुटत नाही. समुपदेशक कागदावर दोन उभे रकाने आखतो: किती वाजले होते, आणि त्या क्षणी काय ठाऊक होतं. रात्री ९ ला पाणी ओट्याखाली होतं, वीज होती, शेजारी म्हणत होते की एवढं येत नाही. १ वाजता उंबऱ्याला लागलं. रकाने भरताना माणसाला स्वतःलाच दिसतं, की १ वाजताचं ज्ञान तो ९ वाजताच्या स्वतःकडून मागत होता.

मुलं बोलून दाखवत नाहीत. अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत, पूर-पूर खेळतात. खेळू द्यावं, पण खेळात दर वेळी सगळे बुडतच असतील तर शिक्षकांनी कळवावं. शाळा लवकर सुरू होणं हाच त्यांचा मोठा आधार, म्हणून निवारा केंद्रासाठी शाळा निवडताना ती किती दिवसांत मोकळी करायची हेही लिहा. होडीवरचे नावाडी आणि प्रेतं काढणारे तरुण यांचीही यादी ठेवा. १२ तासांवर पाळी नको, आणि महिन्यानं तेच पाच प्रश्न त्यांनाही विचारा.

मनुष्यबळाचा हिशेब करून बघा. समजा, चाळणीतून ५० जण आले. प्रत्येकी १० बैठका म्हणजे ५०० बैठका. एक समुपदेशक आठवड्याला २० नीट घेऊ शकतो, म्हणजे एकट्याचे २५ आठवडे. दोघं हवेतच. रुग्ण दर आठवड्याला पलूसहून किंवा वाळव्याहून एसटीनं, मजुरी बुडवून सांगली-मिरजेला येणार नाही. तेव्हा बैठका प्राथमिक आरोग्य केंद्रातच, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी माणूस गावात येतोच आणि कुठं गेला म्हणून कुणी विचारत नाही. पूर ऑगस्टमधला असेल तर चाळणी सप्टेंबरात उरका. ऑक्टोबर छाटणी लागली की द्राक्षपट्ट्यात दिवसा कुणी घरी सापडत नाही.

याला कायद्याचा आधार आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३१ नुसार जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यायचाच असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नं सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं मनोसामाजिक आधाराच्या मार्गदर्शक सूचना २००९ मध्येच काढल्या. आशाताई आणि तलाठी यांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्यायला आम्ही तयार आहोत. तारीख जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आतली मिळावी.

आपले,
मानसोपचार, समुपदेशन आणि समाजकार्य क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही सांगली-मिरजकर

ता. क. पूर इशाऱ्याच्या भोंग्याची चाचणी घ्याल तेव्हा आदल्या दिवशी दवंडी, घंटागाडीचा स्पीकर आणि शाळांची सूचनावही या तिन्ही मार्गांनी वेळ कळवा. भोंगा दिवसा वाजवा. आणि तो वाजायच्या आधी स्पीकरवरून 'ही चाचणी आहे' हे शब्द तीनदा ऐकवा, नंतर नव्हे.